चित्र घरी येते त्या वाटा

२९ जून २०२४ ची रात्र. दूर बार्बाडोस बेटावर भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातील विश्वचषकाचा अंतिम सामना शेवटच्या षटकात येऊन ठेपला होता. दक्षिण आफ्रिकेला सोळा धावा हव्या होत्या. पहिल्याच चेंडूवर मिलरने उंच फटका मारला आणि सीमारेषेवर सूर्यकुमार यादवने तो झेलला. त्या वेळी मालवणच्या किनाऱ्यावरील एखाद्या वाडीच्या पाणंदीत कोणी उभा असता, तर तो एकच झेल त्याला दोनदा किंवा तीनदा ऐकू आला असता. प्रथम गडग्यापलीकडच्या कौलारू घरातून आरोळी उठली असती. क्षणभराने बाजारपेठेच्या बाजूने गलका झाला असता. आणि चांगले अर्धे मिनिट लोटल्यावर, मोबाइलवर डोळे खिळवून पडवीत बसलेल्या मुलांनी, आपणच ही वार्ता प्रथम ऐकत आहोत अशा थाटात, टाळ्या पिटल्या असत्या. बिचाऱ्यांचा निम्मा आनंद शेजाऱ्यांनी आधीच हिरावून घेतलेला!

सामना एक, झेल एक, आणि आरोळ्या मात्र निरनिराळ्या वेळी. असे का व्हावे? याचे कारण असे, की घरातील संच एकसारखे दिसले तरी त्यांत चित्र येण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. या वाटांची ओळख करून घेतली म्हणजे कोणती वाट कोठे अडते, कोणती कोणाला परवडते आणि कोकणच्या पावसात कोणती किती टिकाव धरते, हेही ध्यानात येते.

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस झाला. मुंबईचे केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. मालवणच्या बहुतेक घरांतील कोणी ना कोणी मुंबईस चाकरीला असावयाचेच. परंतु मुंबईचे चित्र मालवणास येणे मात्र शक्य नव्हते. दूरचित्रवाणीच्या लहरी प्रकाशाप्रमाणे जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे काही अंतरावर त्या जमिनीला सोडून आकाशात निघून जातात. तीनशे मीटर उंचीचा मनोरा उभारला आणि घरावरील अँटेना दहा मीटर उंच लावली, तरी त्या दोहोंची नजरानजर नव्वद किलोमीटरांच्या आतच संपते. मुंबई ते मालवण हे अंतर तर सरळ रेषेतही सव्वातीनशे किलोमीटरांहून अधिक. त्यामुळे सत्तरच्या दशकात किनाऱ्यावरील मुलांना दूरचित्रवाणी ठाऊक होती, ती गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या वर्णनांतून.

समुद्र मात्र मधूनच एखादा चमत्कार दाखवी. उन्हाळ्यात समुद्रावरील हवेत थंड व उष्ण थर एकमेकांवर चढले, की लहरी त्या थरांमध्ये सापडून, पाटातून पाणी जावे तशा शेकडो किलोमीटर वाहत जातात. मुंबईच्या प्रेक्षकांना त्या काळी कराचीचे कार्यक्रम अवचित दिसत, ते यामुळेच. पण हा पाहुणा. त्याचा काय भरवसा?

भरवशाचे चित्र किनाऱ्यावर येण्यास उपग्रहाचे साहाय्य घ्यावे लागले. १९७५-७६ साली अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने भारतातील सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. पुढे ३० ऑगस्ट १९८३ रोजी भारताचा इन्सॅट-१ बी हा उपग्रह आकाशात गेला आणि चित्र पाटच बदलून वाहू लागले. दिल्लीचे चित्र उपग्रहाकडे जाई, उपग्रह ते देशभर खाली टाकी, आणि ठिकठिकाणचे लहान प्रक्षेपक ते झेलून आसपासच्या मुलखाला वाटीत. असा लहान प्रक्षेपक अवघ्या शंभर वॉटचा असे. पूर्वी घराघरांत जो मोठा विजेचा दिवा लावीत, तेवढीच ही शक्ती. पण मध्ये डोंगर आडवा नसला तर पंचवीसएक किलोमीटरांपर्यंत तिचा उजेड पडे.

पण डोंगर आडवा नाही असे कोकणात किती ठिकाणी म्हणता येईल? सड्यावरच्या घरात चित्र स्वच्छ, आणि त्याच गावातील खालच्या वाडीत नुसता गोंगाट, असा प्रकार होई. मग लांब बांबू आणून त्याच्या टोकाला अँटेना बांधावयाची, एकाने कौलांवर चढावयाचे, दुसऱ्याने संचासमोर बसावयाचे आणि तिसऱ्याने खळ्यात उभे राहून दोघांचे निरोप पोचवावयाचे.

“इला काय रे?”

“नाय, आजून मुंग्योच!”

“आता?”

“वायच फिरव... इला, इला! हात लावू नको!”

या मुंग्यांविषयी येथेच एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळचे चित्र बिघडले तरी ते हळूहळू बिघडे. वारा सुटला की मुंग्या वाढत, आवाज खरखरे, माणसांच्या पाठीमागे त्यांच्याच सावल्या उभ्या राहत; पण बातमी देणाऱ्याचे म्हणणे तरीही कळे. हा गुण पुढे आलेल्या सफाईदार चित्रात राहिला नाही.

२५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ ही मालिका सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत चालली. वाडीत संच एखाद्याच घरी. रविवारी सकाळी त्या घरच्या पडवीत, माजघरात, खिडकीबाहेर माणसे दाटीवाटीने बसत. कोकणाला हे नवे नव्हते. जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतारी नाटक पाहावयास सारा गाव याच रीतीने बसतो. फरक इतकाच, की दशावतारातील राजा समोरच्या प्रेक्षकाला प्रसंगी उत्तर देतो. संचातील राजा कोणाचेच ऐकत नाही! ज्या घरी संच असे, त्या घरच्या बाईला मात्र रविवारचा सकाळचा स्वयंपाक उरकून सर्वांना बसावयास जागा करून द्यावी लागे. तिचे श्रम या कौतुकात क्वचितच कोणी मोजले असतील.

अँटेनेची ही वाट आता बुजली आहे. दूरदर्शनने देशातील बहुतेक जुने भूप्रक्षेपक २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद केले. काही घरांच्या कौलांवर गंजलेल्या काड्या अजून उभ्या आहेत. त्यांवर कावळे बसतात.

दुसरी वाट तारेची. १९९१ साली परदेशी वाहिन्या उपग्रहावरून भारतात दिसू लागल्या, १९९२ साली झी ही हिंदी वाहिनी निघाली, आणि शहरांप्रमाणे तालुक्याच्या गावीही केबलचा व्यवसाय उभा राहिला. केबलवाल्याच्या घरी आठ-दहा फूट व्यासाची मोठी तबकडी असे. तीत सापडलेले चित्र तो तारेतून घरोघर पोचवी आणि महिन्याच्या महिन्याला पैसे घ्यावयास येई.

ही तार मालवण, कुडाळ, सावंतवाडी यांच्या बाजारपेठांत झपाट्याने पसरली. वाड्यांत मात्र ती रेंगाळली. त्याचे कारण कोकणातील घरांच्या रचनेत आहे. देशावरील गावात घराला घर लागून असते. शंभर हात तार ओढली तर दहा घरे सापडतात. येथे प्रत्येक घर आपल्या माडांच्या आगरात एकटे उभे. दहा घरांसाठी अर्धा मैल तार ओढावी लागते. तारेत चित्राचा जोर अंतराबरोबर कमी होत जातो, म्हणून वाटेत ठिकठिकाणी तो वाढविणारी पेटी बसवावी लागते, आणि त्या पेटीला वीज लागते. म्हणजे आपल्या घरी वीज असूनही वरच्या वाडीतील वीज गेली की आपले चित्र बंद! शिवाय माडाची झावळी पडली, वानरांनी तारेचा झोका केला, की केबलवाल्याचा माणूस येईपर्यंत वाट पाहणे आलेच. तथापि या वाटेचे एक वैशिष्ट्य विसरू नये. केबलवाल्याची मोठी तबकडी ज्या लहरी झेलते, त्यांतील पुष्कळशा सुमारे साडेसात सेंटिमीटर लांबीच्या असतात आणि पावसाच्या थेंबांची त्यांना फारशी बाधा होत नाही. आभाळ फाटले तरी चित्र केबलवाल्याच्या घरापर्यंत सुखरूप येते. तेथून पुढच्या अर्ध्या मैलातच काय ते अडते.

तिसरी वाट थेट आकाशातून घराच्या छपरावर उतरते. भारतात २००३ पासून खासगी कंपन्यांची, आणि डिसेंबर २००४ पासून दूरदर्शनची, अशी ही सेवा सुरू झाली. दूरदर्शनच्या सेवेला आज ‘डीडी फ्री डिश’ म्हणतात. खासगी सेवेला ठरावीक मुदतीने पैसे भरावे लागतात; ‘रिचार्ज’ संपले की चित्र जाते. फ्री डिशला एकदा तबकडी व पेटी विकत घेतली की पुढे काही द्यावे लागत नाही. वाहिन्या कमी मिळतात हे खरे. पण ज्या घरचे उत्पन्न मासळी मिळण्या-न मिळण्यावर अवलंबून आहे, त्या घराला दरमहा ठरलेला खर्च नसणे ही केवढी सोय आहे, हे त्या घरालाच ठाऊक.

हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वीच्या गतीनेच फिरत असल्यामुळे आकाशात एके जागी स्थिर दिसतात. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. मालवणहून पाहिले तर तो आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे साठ अंश वर येतो. इतर कंपन्यांचे उपग्रहही मालवणच्या पूर्वेकडील रेखांशांवरच आहेत. म्हणून किनाऱ्याने चालत गेल्यास एक गंमत दिसते: घरांची तोंडे कोणत्याही दिशेला असोत, तबकड्या मात्र एकजात समुद्राकडे पाठ करून बसलेल्या! माडांची अडचण होते, पण ती मोजता येते. तबकडीहून पंधरा मीटर उंच असलेला माड त्या दिशेला नऊ मीटरांपेक्षा जवळ असेल तर त्याच्या झावळ्या वाटेत येतात. त्याहून दूर असेल तर त्याच्या शेंड्यावरून चित्र सुखाने उतरते. माड तोडण्याची भाषा करण्यापूर्वी तबकडी चार हात सरकवून पाहावी, हे उत्तम.

या वाटेचा खरा वैरी पाऊस. लहान तबकडीत मावणाऱ्या लहरी आखूड, सुमारे अडीच सेंटिमीटरांच्या असतात. मोठ्या सरींचे थेंब त्यांना शोषून घेतात व विखुरतात. छत्तीस हजार किलोमीटरांचा प्रवास निर्वेध करून आलेले चित्र अखेरच्या पाच-सहा किलोमीटरांत, पावसाच्या पट्ट्यात, हरवते. आणि हे चित्र अंकांच्या रूपाने येत असल्यामुळे ते हळूहळू बिघडत नाही. काही वेळ अगदी निर्मळ दिसते, मग त्याचे चौकोनी तुकडे होतात, आणि लगेच पडदा काळा. मुंग्यांमधून निम्मीअर्धी बातमी ऐकण्याची सोय आता नाही.

यात कोकणच्या मच्छीमारांची एक विलक्षण अडचण आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. होड्या शाकारून ठेवलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, माणसे घरी. वर्षात चित्र पाहावयास निवांत वेळ असेल तर तो याच दोन महिन्यांत. आणि नेमक्या याच दोन महिन्यांत पाऊस तबकडीचे डोळे झाकतो. खाऱ्या हवेचाही उपद्रव आहेच. तबकडीचे खिळे, तारेची टोके गंजतात आणि दोष पावसाला लागतो. पावसाळ्यापूर्वी ती टोके पुसून, घट्ट करून, वर चिकटपट्टी गुंडाळली तर निम्म्या तक्रारी कमी होतात.

या वाटेने कधी कधी चित्राचा विलक्षण प्रवास घडतो. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मराठी मालिका सुरू झाली. तिचे चित्रण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आकेरी येथील एका घरात होत असे. आकेरीचे ते चित्र मुंबईला गेले, तेथून छत्तीस हजार किलोमीटर वर उपग्रहाकडे गेले, पुन्हा तेवढेच खाली आले आणि आकेरीच्याच छपरांवरील तबकड्यांत पडले! शेजारचे घर पाहण्यासाठी चित्राने एवढा मोठा वळसा घेतला.

चौथी वाट इंटरनेटची. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि चित्र संचातून निघून माणसांच्या तळहातावर आले. हवा तो कार्यक्रम हव्या त्या वेळी पाहता येतो, मध्येच थांबवता येतो, मागे नेता येतो. आधीच्या तिन्ही वाटांना हे साधले नव्हते. जुनी मालवणी नाटके, कीर्तने, शाळेचे पाठ, सारे मागावे आणि पाहावे.

परंतु या वाटेचे अंतरंग निराळे आहे. उपग्रहाचे चित्र पावसासारखे असते. ते सर्वांवर सारखे पडते. एका घराने भांडे ठेवले काय आणि लाख घरांनी ठेवली काय, कोणाचे कमी होत नाही. इंटरनेटचे चित्र विहिरीच्या पाण्यासारखे आहे. प्रत्येकाला वेगळी घागर भरून द्यावी लागते, आणि घागरी वाढल्या की रहाटाशी गर्दी होते. गणेशचतुर्थीला कोकणात याचा पुरता प्रत्यय येतो. मुंबईहून चाकरमानी येतात, चार माणसांच्या घरात वीस माणसे होतात, प्रत्येकाच्या हाती मोबाइल. वाडीचा मनोरा मात्र तोच. मग आरतीनंतर मुले ‘रेंज’ शोधीत सड्यावर फिरतात. त्याच वेळी त्याच घरच्या छपरावरील तबकडीला पाहुण्यांचा पत्ताही नसतो.

सामन्याच्या रात्रीच्या आरोळ्यांचा उलगडाही येथेच होतो. उपग्रहाकडे जाऊन परत येण्यास चित्राला सुमारे पाव सेकंद लागतो. ते अंकांत बांधण्यास व सोडविण्यास आणखी काही सेकंद. केबलचे चित्रही पुष्कळदा उपग्रहावरूनच आलेले असते. वाटेत आणखी एका हातातून जाते, एवढेच. इंटरनेटवर मात्र चित्राचे काही सेकंदांचे लहान लहान तुकडे करून पाठवितात, आणि मध्ये खंड पडू नये म्हणून त्यांतील काही तुकडे साठल्यावरच मोबाइल पहिला तुकडा दाखवितो. त्या साठवणीतच अर्धे मिनिट निघून जाते.

आणखी एक फरक तुलनेत सहसा धरत नाहीत. २८ मार्च २०२० पासून, साथीमुळे देश बंद असताना, दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखविले. १९८७ साली ज्या वाडीत एका संचासमोर पन्नास माणसे बसली होती, त्याच वाडीत आता घरोघर संच होते आणि एकमेकांकडे जाण्याची मुभा नव्हती. जुन्या रीतीने पाहावयाचे असते तर कोणालाच पाहता आले नसते. पण साथ सरल्यावरही त्या पडव्या पुन्हा भरल्या नाहीत. घरात चार माणसे असली तर चौघांचे चार कार्यक्रम चार मोबाइलवर चालतात. मुलांना हवे ते मिळाले हे चांगलेच झाले. ज्या आजीला मोबाइलवर शोधता येत नाही, तिला मात्र दुसऱ्याने लावून दिल्यावाचून काही दिसत नाही. संचाची कळ ती स्वतः दाबू शके.

या साऱ्या वाटांची एकदम परीक्षा झाली ती १६ मे २०२१ रोजी. तौक्ते चक्रीवादळ त्या दिवशी सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले. माड मोडले, छपरे उडाली, विजेचे खांब आडवे झाले, आणि अनेक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. वादळ येत आहे ही वार्ता आधीच्या दिवसांत संचांनी आणि मोबाइलांनी चोख पोचविली होती. बंदरांत बावटे चढले होते, होड्या ओढून घेतल्या होत्या. पण प्रत्यक्ष वादळात तार तुटली आणि तबकडी हलली. या वाटा आकाशातून येवोत की जमिनीवरून, संचाची शेवटची पायरी एकच: भिंतीवरील विजेचे बटण. मोबाइल तेवढा स्वतःच्या बॅटरीवर थोडा अधिक टिकतो. परंतु तो ज्या मनोऱ्यावर विसंबून असतो, त्याच्या बॅटऱ्या आणि डिझेलही अखेर संपते. म्हणून किनाऱ्यावरील शहाणी घरे सेलवर चालणारा लहान रेडिओ अजून फळीवरून उतरवीत नाहीत. ज्यांना परवडते त्यांनी तबकडी आणि मोबाइल दोन्ही ठेवावीत. ज्यांना एकच परवडते त्यांनी फ्री डिशची तबकडी सोडू नये, कारण तिला महिन्याचे पैसे नाहीत आणि वीज आली, आभाळ उघडले, की ती कोणाची वाट न पाहता चालू होते.

अर्थात ती हललेली नसली तर. दोन-तीन अंशांचाही फरक पडला तरी उपग्रह तिच्या नजरेतून निसटतो, आणि वाऱ्याला एवढे करावयास फारसे कष्ट पडत नाहीत. मग वादळानंतर वीज आली की घरातील एकाने पुन्हा ओल्या कौलांवर चढावयाचे, दुसऱ्याने संचासमोर बसावयाचे आणि तिसऱ्याने खळ्यात उभे राहावयाचे.

“इला काय रे?”

“नाय, काळोखच आसा!”

“आता?”